वरूनच टाकू की!

मराठवाड्यातल्या बांधकामाचा एक महामंत्र आहे. तो कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत, पण नांदेडच्या तरोड्यापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत झाडून सगळ्या मिस्तऱ्यांना तो पाठ आहे. "वरूनच टाकू की!" फरशी खाली-वर झाली? वरूनच टाइल टाकू की. भिंतीला लोणा लागला? वरूनच पुट्टी मारू की. गच्ची गळायली? वरूनच कोबा टाकू की. खाली काय चाललंय ते बघायची पाळी कुणावर येऊ नये, एवढीच या मंत्राची फलश्रुती. मंत्र मिस्तऱ्याचा असला तरी दक्षिणा आपणच देतो, आणि हसत देतो. रविवारी सत्यनारायण असतो, पाहुणे यायचे असतात, शनिवारी संध्याकाळपर्यंत घर चकाचक दिसलं पाहिजे. सोमवारनंतर त्या घरात राहायचंही आहे, हे कुणाच्या हिशेबातच नसतं.

या मंत्राचा सगळ्यात स्वस्त अवतार म्हणजे जमिनीवर अंथरायची प्लास्टिकची मॅट. दुकानात दोन मीटर रुंदीचे रोल भिंतीला टेकून उभे असतात. दुकानदार त्यातला एक फडकन उलगडतो. कधी संगमरवराचं चित्र, कधी सागवानी फळ्यांचं, कधी लाल-पिवळी नक्षी. "ओलं फडकं मारलं की झालं, ताई." फडकं कोण मारतं हे त्याला ठाऊक नसतं आणि विकत घेणाऱ्या कर्त्या पुरुषालाही नसतं. म्हणून हा सौदा लवकर पटतो.

जुनी माणसं तिला अजून लिनोलियम म्हणतात. म्हणोत बापडी. पण खरं लिनोलियम हा निराळा पदार्थ आहे. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने 1863 साली त्याचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेवर घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ, बुचाची पूड, लाकडाचा भुसा कालवायचा आणि तागाच्या कापडावर तो लगदा दाबून बसवायचा. स्कॉटलंडमधलं कर्कॉल्डी हे गाव त्या कारखान्यांच्या वासावरून ओळखलं जायचं. जवस आणि ताग या दोन्ही गोष्टी इंग्रजी अमलात आपल्याकडूनच जहाजं भरभरून तिकडे जात. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं गळीतधान्यांचं संशोधन केंद्र आहे, तरी आज जवस आमच्या घराघरांत चटणीपुरतं उरलंय. दुकानात लिनोलियम या नावाने मिळतं ते पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट रसायन, वजन भरावं म्हणून घातलेली चुनखडीची पूड, वर छापलेलं चित्र आणि खाली चिकटवलेला फोमचा नाही तर नमद्यासारखा थर. म्हणजे चुनखडीच्या अस्सल दगडावर आपण चुनखडीची भुकटी मिसळलेलं प्लास्टिक अंथरतो. आणि त्यावर दगडाचं चित्र छापलेलं असतं.

अस्सल दगड म्हणजे शहाबादी. भीमेच्या खोऱ्यातला हा दगड खाणीतून थराथरांनी सुटतो, म्हणून त्याच्या लाद्या पाडायला सोप्या. गुलबर्गा, नांदेड, आताचं लातूर हे सगळं निजामाच्या एकाच राज्यात होतं, आणि 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य गेलं तरी दगड यायचा थांबला नाही. आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्या या दगडावर रांगल्या. तो करडा असतो, निळसर असतो, त्याला पॉलिशची मिजास नसते. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला की सतरंजी बाजूला सारून लोक त्याच्यावर आडवे होतात. कूलरला पाणी नसलं तरी त्या दगडावर दुपार निघते. लातूरने 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलंय, तेव्हा कूलरच्या भरवशावर कोणी राहू नये.

सासऱ्यांनी बांधलेल्या आमच्या नांदेडच्या घरात हीच फरशी होती, आणि तिच्यावर दिराच्या लग्नात मॅट आली. कारण ठरलेलं. "पाहुण्यांपुढं बरं दिसत नाही." बरं का दिसत नव्हतं? दोन लाद्या किंचित वर आल्या होत्या, सांध्यांतून पांढरी पूड निघत होती आणि भिंतीच्या बुडाशी गिलाव्याला पापुद्रे सुटले होते. घर काहीतरी सांगत होतं. घराच्या तोंडावर आम्ही प्लास्टिक ओढलं.

हे सांगणं काय असतं ते मी जरा सविस्तर लिहिते, कारण मॅट विकणारे, बसवणारे आणि विकत घेणारे तिघेही नेमकं एवढंच ऐकत नाहीत.

नांदेड-लातूरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात भेगा पडतात तेव्हा आपल्याला ते दिसतं. घराखाली तीच माती असते हे मात्र आपण वास्तुशांतीबरोबर विसरून जातो. जुने गवंडी जोत्यातली काळी माती उपसून टाकत, मुरूम भरत, पाणी मारून धुम्मस करत, मग फरशी बसवत. आता एनए प्लॉटिंगमधल्या घरांत काय होतं ते भरतीच्या वेळी उभं राहून बघा. पायाच्या चरांतून निघालेली काळी मातीच परत जोत्यात लोटली जाते, कारण मुरमाच्या हायवाला पैसे पडतात आणि माती फुकट पडलेली असते. पहिल्या दोन पावसाळ्यांत फरशी पोटातून वर उचलते. मग मिस्तरी येतो, उकिडवा बसतो, टाचेने दोन लाद्या वाजवून बघतो आणि मंत्र म्हणतो.

दुसरं कारण रस्ता. जुन्या वसाहतीत कुठेही उभं राहा. रस्ता दर निवडणुकीच्या तोंडावर एक थर चढत गेला आणि घरं आहेत तिथेच राहिली. खालचा थर खरवडून मग नवा टाकायचा असतो हे कंत्राटदाराला कळत नाही असं नाही, पण खरवडल्याचा फोटो उद्घाटनाच्या बॅनरवर शोभत नाही. एके काळी तीन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं ते लोक आता रस्त्यावरून एक पायरी उतरून घरात शिरतात. पावसाचं पाणी फाटकातून आत येतं, जोत्याच्या कडेला मुरतं आणि घराखालची माती बारमाही ओली राहते. ही ओल वर चढते. दगडाच्या सांध्यांतून ती वर आली आणि वाऱ्याने वाळून गेली तर फार बिघडत नाही. मागे थोडा क्षार राहतो, तो झाडूने निघतो. वरून प्लास्टिक टाकलं की तिची वाट बंद होते. मग ती मॅटखाली साचते, तिथे बुरशी धरते, आणि उरलेली आडवी सरकत भिंतीत शिरते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. मग वरून पुट्टी.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली अक्कल नाही. लिनोलियम कसं बसवावं याची भारतीय मानक संहिता आहे, आयएस 1198. लवचीक पीव्हीसी बसवण्याची वेगळी आहे, आयएस 5318. खालचा तळ कोरडा हवा आणि खालून ओल चढता कामा नये, ही या कामातली अगदी प्राथमिक अट. आमच्याकडे मॅट बसवणारा पोरगा मोटरसायकलवर रोल आडवा घेऊन येतो, कटरने कोपरे कापतो, कडेला सोल्युशन फासतो आणि तासाभरात पैसे मागतो. तळ कोरडा आहे का, हे विचारलं तर तो तुमच्याकडे दयेने बघतो.

तर ही मॅट काढायची मी ठरवली, आणि स्वतः काढायची ठरवली. त्यावर गल्लीत जी चर्चा झाली ती मॅटपेक्षा चिकट होती.

"कामून काढूलालाव वहिनी? चांगली तर हाय की." ही एक. "काढायचीच असंल तर माणूस लावा की. तुमी कामून बसूलालाव खाली?" ही दुसरी. माझ्यासारख्या मॅडमने हातात खरवडायची पट्टी घेऊन जमिनीवर फतकल मारणं हे गल्लीला मान्य नाही. मॅडमने त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं उकिडवं बसून फडकं फिरवलं ते चालतं, कारण ते बाईचं काम. खरवडणं हे लेबरचं काम. आणि "माणूस लावा" याचा आमच्याकडे प्रत्यक्षात अर्थ काय होतो? माणूस म्हणजे बाई. मिस्तरी स्वतः खरवडायला बसत नाही, त्याच्या हाताखालची बिगारी बाई बसते. पुरुषापेक्षा कमी मजुरीवर, उघड्या हातांनी, थिनरच्या वासात, कडेवरचं पोर दारात झोपवून. माझ्या घराची घाण तिच्या फुप्फुसात पाठवून मी वर चहा पाजून पुण्य मिळवायचं. नको.

मिस्तऱ्यालाही हे काम नकोच असतं, हे नीट समजून घ्या. खरवडण्यात त्याला पैसा नाही. पैसा आहे तो फोडण्यात, नाही तर झाकण्यात. आमच्याकडे आला त्याने दोन भाव सांगितले. मॅटसकट वरून टाइल टाकायची, हा एक. शहाबादी फोडून ट्रॉलीभर मलबा काढून नवी व्हिट्रिफाइड टाकायची, हा दुसरा. मी म्हटलं, मॅट काढून खालची फरशी धुऊन द्यायची, याचा भाव? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्याकडे उधार मागितलं. "त्येच्यात काय मजा नाही ताई." मजा!

आता खुद्द काढण्याबद्दल. एका दुपारचं काम आहे असं जो सांगतो, त्याने आयुष्यात कधी मॅट काढलेली नाही. मॅट दुपारी निघते. तिचं बूड निघत नाही.

वरचं प्लास्टिक सोपं असतं. कटरने हातभर रुंदीचे पट्टे पाडायचे. पातं खोल घालायचं नाही, खाली दगडावर ओरखडे उठतात. मग पट्टा उभा न ओढता जमिनीलगत, स्वतःवर दुमडत ओढायचा. हे थंडीत करू नये. प्लास्टिक कडक होतं आणि पापडासारखे तुकडे पडतात. परदेशात यासाठी गरम हवेचं यंत्र आणतात. आपल्याला देवाने मे महिना दिलाय. दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून उन्हाची तिरीप फरशीवर येऊ द्यायची, मॅट आपोआप नरमते. एवढं झालं की खाली दिसतो तो फोम. करडा, ओलसर, दगडाला कातडीसारखा चिकटलेला, कुबट वासाचा. कडेला जिथे सोल्युशन फासलं होतं तिथे तपकिरी डिंकाचे पट्टे. मधोमध काळ्या बुरशीचे नकाशे. आमच्या कपाटाखाली तर ओल इतकी साचलेली की पट्टा ओढताच पाण्याचे थेंब टपकले, आणि तोही उन्हाळा होता.

या कातडीवर इलाज एकच: पाणी आणि चिकाटी. गरम पाण्यात धुण्याची पावडर टाकून त्यात जुनं बारदान भिजवायचं आणि अंथरून ठेवायचं. चहा-जेवण उरकून यायचं. तोवर फोम फुगतो. मग पुट्टीची रुंद पट्टी जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. पट्टी उभी धरली की शहाबादीचे पापुद्रे सुटतात, कारण तो दगड मुळातच थरांचा. एक हात भरभर पुढे गेला की वाटतं झालं, पाणी वाळलं की कळतं की दगडाच्या बारीक खळग्यांत अजून राखाडी बुरकी बसलेली आहे. पुन्हा बारदान. गुडघ्याखाली उशी घ्या. पाठीचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

डिंकाचे पट्टे पाण्याने निघत नाहीत. रबरी सोल्युशन थिनरने नाही तर पेट्रोलने सुटतं, आणि इथेच आमच्याकडची अक्कल धोक्याच्या रेषेपार जाते. स्वयंपाकघराला लागून देवघर, देवघरात समई, शेजारी गॅस, आणि मधल्या खोलीत बाटलीभर थिनर ओतून दार लावून बसलेला गृहस्थ. वाफ जड असते, ती जमिनीलगत सरकते आणि समईपर्यंत जाते. त्यापेक्षा डिंकाच्या पट्ट्यावर जुन्या इस्त्रीने कापडावरून ऊब द्या, मऊ झालेला डिंक पट्टीने उचला, आणि जो उरेल तो राहू द्या. दोन बोटं रुंद डाग कपाटाखाली राहिला म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

आणि ॲसिड! हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "फरशी साफ करायचीय" म्हणा. दुकानदार वर न बघता ॲसिडची बाटली काउंटरवर ठेवतो. फरशी कसली, हे विचारत नाही. शहाबादी चुनखडीचा दगड आहे. त्याच्यावर ॲसिडचा थेंब टाकून बघा, फसफसून पांढरा फेस येतो. तो फेस मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. लोक तो फेस बघून खूश होतात, म्हणतात बघा किती घाण निघाली. दुसऱ्या दिवशी फरशी खरखरीत, डागाळलेली आणि पहिल्यापेक्षा लवकर मळणारी. मग काय? वरून टाइल. आमच्या ओळखीतल्या निदान तीन घरांतल्या चांगल्या फरशा या बाटलीने गेल्या आणि दोष दगडाला लागला. लिंबूसत्त्व, व्हिनेगर हे त्याच ॲसिडचे सौम्य भाऊ. घरगुती उपाय म्हणून तेही दगडाला लावू नका.

ग्राइंडर हा तिसरा उपद्रव. ज्या मिस्तऱ्याला खरवडण्यात मजा नाही त्याला ग्राइंडरमध्ये भारी मजा येते. पाच मिनिटांत घरभर धुरळा. आमच्या घरातली मॅट फोमवाली होती म्हणून तिथे निदान एक भीती नव्हती. पण जुन्या कार्यालयांत, बँकांत, दवाखान्यांत वीतभर चौकोनी कडक टाइल दिसतात, पायाखाली टक्टक् वाजणाऱ्या, काळ्या डांबरी डिंकात बसवलेल्या. त्यांच्याबद्दल मी थट्टा करणार नाही. भारतीय मानकांत आयएस 3461 नावाचं एक मानक आहे, त्याचा विषयच पीव्हीसी-ॲस्बेस्टॉसच्या फरशी टाइल. म्हणजे ॲस्बेस्टॉस त्यात भेसळ म्हणून नव्हतं, रीतसर घटक म्हणून होतं. अमेरिकेत जुन्या मॅटच्या पाठीच्या कागदी थरातही ते असायचं. टाइल जागेवर शाबूत आहे तोवर तंतू आत बांधलेले राहतात. ग्राइंडर लावला, घासलं, कोरडा झाडू मारला की ते हवेत उडतात, श्वासातून आत जातात आणि पंचवीस-तीस वर्षांनी फुप्फुसात हिशेब मागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याबद्दल निकाल दिला. युरोपीय संघाने 2005 साली हा पदार्थ जवळजवळ पुरता हद्दपार केला. आपण अजून त्याचे सिमेंटी पत्रे गोठ्यांवर आणि शाळांवर घालतो. असल्या जुन्या कडक टाइल स्वतः काढू नका, दुसऱ्या कुणाकडूनही अशा-तशा काढून घेऊ नका. जिथे शंका आहे तिथे, फक्त तिथे, झाकून ठेवणं शहाणपणाचं आहे. माझ्या सगळ्या लेखाविरुद्ध जाणारी ही एकच सवलत मी देते.

कुणी म्हणेल, बाईला जुन्याचा पुळका आलाय. मुळीच नाही. आजोळच्या माळवदाचं आणि सारवलेल्या जमिनीचं गोड वर्णन करणाऱ्यांना मी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची आठवण करून देते. किल्लारीच्या परिसरात भूकंपात दगडमातीच्या त्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या हजारोंवर कोसळलं. जुनं म्हणून चांगलं असं मी म्हणतच नाही. भूकंपाने निदान एक गोष्ट शिकवायला हवी होती, की घराच्या पोटात काय आहे ते बघावं. आपण तेव्हाही शिकलो ते वरवरचं. सिमेंट आलं म्हणजे घर पक्कं झालं, असा समज झाला आणि सिमेंटखालची काळी माती तशीच राहिली.

व्हिट्रिफाइड टाइलशीही माझं वैर नाही. ज्यांच्याकडे मुरूम भरलेला आहे, उतार बरोबर आहे, रस्त्याचं पाणी आत येत नाही, त्यांनी खुशाल घालावी. पण ते सगळं असलेल्या घरात मुळात फरशी बिघडतच नाही, ही अडचण आहे.

आता लातूर. माझी नणंद तिथे मुलं ठेवते. म्हणजे लातूर पॅटर्नच्या पोरांना खोल्या भाड्याने देते. या शहरात अर्थव्यवस्था म्हणजे गंजगोलाईतले सोळा रस्ते एवढंच आता राहिलेलं नाही. नीटची तयारी करणारं पोर, त्याची खाट, त्याचा डबा आणि त्याची खोली, यावर गल्ल्याच्या गल्ल्या जगतात. जगोत. पण त्या खोल्या एकदा उघडून बघा. दहा बाय दहा, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. उन्हाळ्यात आत कूलर, कूलरची ओल, ओले टॉवेल, आणि जमिनीवर मॅट. जूनमध्ये नवी बॅच येते, पालक खोली बघायला येतात, म्हणून मेच्या शेवटी जुन्या मॅटवर नवी मॅट. नणंदेच्या घरातल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी कटर घातला तेव्हा खाली तीन थर निघाले. सगळ्यात वर सागवानी फळ्या, मध्ये संगमरवर, खाली लाल-पिवळी नक्षी, त्याखाली काळी बुरशी आणि त्याखाली बिचारी फरशी. त्या खोलीत राहून गेलेली पोरं वर्षभर शिंकत होती. त्यांच्या आयांनी लातूरच्या हवेला दोष दिला असणार.

"वन्सं, ह्ये सगळं काढून टाका," मी म्हटलं.

"आन् पोराच्या बापाला काय दाखवू? असली फरशी?"

"पोराच्या बापाला सांगा, खाली बसून हात लावून बघा, गार लागती का न्हाई."

"बाप खाली बसत न्हाई वहिनी. बाप मोबाइलवर फोटो काढतो आन् बायकोला पाठवतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती बरोबर बोलत होती. ज्या खोलीत पोर डॉक्टर होण्यासाठी वर्षभर कोंडलं जाणार, ती खोली फोटोत कशी दिसते यावर भाडं ठरतं. बुरशीला फोटोत वास येत नाही. पोराला जीवशास्त्राच्या पुस्तकात बुरशीचं प्रकरण पाठ करायचंय, ते त्याने तिच्याच अंगावर बसून करावं.

नणंदेशी मी करार केलाय. त्या कोपऱ्यातल्या खोलीतली मॅट मी काढून दिली, सांध्यांच्या दरजा नव्याने भरून घेतल्या, कूलरचं पाणी नळीने बाहेर काढलं, भिंतीचा बुडाकडचा कुजका गिलावा हातभर काढून भिंत उघडी वाळू दिली. वाळायला पुरता उन्हाळा लागतो, आठवड्यात वाळत नाही, आणि अधीर होऊन रंग फासला की सगळं मुसळ केरात. ती खोली भाड्याने गेली तर बाकीच्या उघडायच्या, नाही गेली तर तिने नवा रोल आणायचा आणि मी तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवीन की नाही हे माझं मलाच सांगता येत नाही.

राहिला काढलेल्या मॅटचा प्रश्न. राज्यात 2018 साली प्लास्टिकबंदी आली. भाजीवाल्याच्या हातातली पातळ पिशवी जप्त झाली, दंडाच्या पावत्या फाटल्या. पण संबंध खोलीभर अंथरलेलं, शेकडो पिशव्यांच्या वजनाचं प्लास्टिक दर मे महिन्यात बाजारातून घराघरात जातं आणि त्याला कुणी हटकत नाही. बांधकामाच्या मलब्याचे नियम 2016 पासून कागदावर आहेत. आमच्या दारात ते कागदावरून उतरलेले नाहीत. घंटागाडीवाला म्हणाला, "ह्ये आमच्यात येत न्हाई." कोरड्यात का ओल्यात, विचारलं. "कशातच न्हाई." भंगारवाल्याने गुंडाळीचं एक टोक उचललं, वास घेतला आणि तो पुढे गेला. शेजारच्यांनी सगळ्यात सोपा उपाय सांगितला, "मोकळ्या प्लॉटात पेटवून द्या की." पीव्हीसी जाळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. गल्लीतली लहान पोरं त्या धुरातून सायकली फिरवतात आणि हाच शेजारी संध्याकाळी डासांसाठी धूर बरा म्हणतो. दुसरा उपाय गोदावरीचा काठ. तिथे आधीच इतकं काही पडलेलं असतं की आपली गुंडाळी उठून दिसणार नाही, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी समजावून सांगितलं.

गुंडाळी सध्या आमच्या जिन्याखाली सुतळीने बांधून उभी आहे. ती मी जाळणार नाही आणि नदीतही टाकणार नाही. पावसाळ्यापर्यंत कुणी नेली नाही तर ऑटोत घालून मॅटच्या दुकानात नेईन, नव्या रोलांच्या रांगेत उभी करीन, आणि मीटरच्या भावाने मोजून परत घ्या म्हणेन. त्यांचा मीटर काउंटरलाच खिळ्याने ठोकलेला आहे, मी बघून ठेवलाय.